कडेचा दीड मीटर : कोकण किनाऱ्यावरील सायकलस्वारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. पालकमंत्री व मा. जिल्हाधिकारी,
जिल्हा रत्नागिरी आणि जिल्हा सिंधुदुर्ग

विषय : सागरी मार्गावरील सायकलस्वारांची सुरक्षितता

महोदय,

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे निघालेला रस्ता भंडारपुळे, नेवरे, काजिरभाटी करत आरे-वारेच्या कड्यावर चढतो. एका बाजूला जांभ्याची दरड, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. पुढे भाट्याची खाडी ओलांडली की गोळपचा सडा, मग पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी. देवगड तालुक्यात शिरल्यावरही रस्त्याचा स्वभाव तोच : खाडीवरून सड्यावर, सड्यावरून पुन्हा खाडीवर. सायकलवरून फिरण्यासाठी इतका देखणा आणि कसाला लावणारा रस्ता महाराष्ट्रात दुसरा नाही, असे आमचे ठाम मत आहे. या रस्त्यावर आम्ही रोज सायकल चालवतो. पहाटे सरावाला निघणारे आमच्यात आहेत, 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करणारे आहेत, आणि सायकलवरूनच कामावर जाणारेही आहेत. शाळेत जाणारी मुले आमची सभासद नाहीत, पण हे मागणीपत्र त्यांच्याही वतीने आहे.

बॅ. अंतुले यांच्या काळापासून चर्चेत असलेला रेवस–रेड्डी सागरी महामार्ग आता राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला आहे. खाड्यांवर नवे पूल होतील, रस्ता रुंद होईल. आम्ही त्याचे स्वागत करतो. पण रुंद झालेला रस्ता आधी वेगवान होतो, आणि त्या वेगात सर्वांत आधी कडेचा माणूस ढकलला जातो. म्हणून आमच्या बहुतेक मागण्या रस्त्याच्या डाव्या कडेच्या दीड मीटरपुरत्या आहेत.

पहिली आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मागणी साईडपट्टीची आहे. जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर आणखी एक, अशी इथली डागडुजीची पद्धत आहे. दर खेपेला डांबर वर येते आणि साईडपट्टी होती तिथेच राहते. काही ठिकाणी हा फरक वीतभर झाला आहे. मागून डंपर आला, की सायकलस्वाराने खाली उतरायचे कुठे? चाक एकदा त्या खाचेत गेले की परत वर येत नाही; डांबराच्या काठाला घासत जाते आणि स्वार रस्त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे गाडीपुढेच पडतो. पावसाळ्याआधी साईडपट्टीवर मुरूम टाकला जातो. रत्नागिरीत वर्षाला 3 हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो मुरूम पहिल्या जोरदार सरींतच गटारात जातो आणि त्याचे पैसेही त्याच्याबरोबर वाहून जातात. डांबरीकरणाच्या प्रत्येक कामात डांबराच्या पातळीला मिळणारी पक्की साईडपट्टी हा निविदेचाच भाग असावा, आणि ती पुरी झाल्याखेरीज अंतिम बिल निघू नये.

सगळीकडे दोन्ही बाजूंना दीड मीटर जागा मिळणार नाही, हे आम्हाला कळते. कड्यावर तर नाहीच मिळणार. अशा ठिकाणी चढाची बाजू आधी रुंद करावी. उतारावर सायकल जवळजवळ गाड्यांच्याच वेगाने जाते. चढावर मात्र ती ताशी आठ-दहा किलोमीटरवर येते, पायडलागणिक थोडी डुलते आणि मागे गाड्यांची रांग लागते. वळणावर आंधळेपणाने केले जाणारे ओव्हरटेकिंग याच रांगेतून सुरू होते. चढाला दीड मीटर जादा जागा दिली तर सायकलस्वाराबरोबर मोटारचालकाचीही सोय होते, आणि खर्च निम्म्यावर येतो.

कठड्यांचेही असेच आहे. रत्नागिरीकडून गणपतीपुळ्याला जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणजे सायकलस्वाराच्या अगदी लगत असतो. तिथला कठडा गुडघ्याच्या उंचीचा असेल तर मोटारीला तो पुरतो. सायकलवर बसलेल्या माणसाचा भार त्याहून बराच वर असतो. चाक कठड्याला अडले की माणूस त्यावरून पलीकडे फेकला जातो. खाली खडक आहेत. कड्यालगतच्या सर्व कठड्यांवर पाइपचे रेलिंग बसवून एकूण उंची किमान 1.4 मीटर करावी. त्यातून समुद्रही दिसत राहील.

आता मासळीच्या पाण्याविषयी. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण या बंदरांतून बर्फात भरलेली मासळी घेऊन गाड्या निघतात. बर्फ वितळतो आणि ते पाणी रस्त्यावर ठिबकत जाते. त्यात मीठ असते, खवले असतात आणि चिकट बुळबुळीतपणा असतो. उतारावरच्या वळणात गाडी वेग कमी करते, एका अंगाला कलते आणि नेमके तिथेच जास्त पाणी सांडते. पहाटेच्या अंधारात तो पट्टा दिसत नाही, वासावरून कळतो, आणि तेव्हा चाक त्यावर आलेले असते. सायकलच्या टायरची रुंदी जेमतेम 28 मिलिमीटर. मोटारसायकलीही इथे घसरतात, हे कोणत्याही बंदरगावात विचारावे. मासळी व्यवसायाला आमचा विरोध नाही. आमच्यातल्या कित्येकांचे घर त्यावर चालते. गाडीखाली पाणी साठवणारी टाकी सक्तीची करावी, ती रिकामी करायला बंदरावर आणि वाटेत ठरावीक जागा द्याव्यात, आणि तपासणी गाडी बंदरातून बाहेर पडतानाच व्हावी. घसरून पडलेल्या माणसाला उचलण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

वेगाबाबत थोडा हिशेब मांडतो. कोरड्या, चांगल्या डांबरावर, चालकाला भान यायला एक सेकंद धरला, तर ताशी 40 किलोमीटरने येणारी मोटार सुमारे 20 मीटरमध्ये थांबते. ताशी 70 ने येणारीला सुमारे 47 मीटर लागतात. आरे-वारेच्या कित्येक वळणांवर पुढचे 47 मीटर दिसतच नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 प्रमाणे, रस्त्याचे स्वरूप पाहून राज्य शासनाला वेगमर्यादा कमी करता येते. कड्यावरच्या पट्ट्यांत ती 40 आणि वाड्यावस्त्यांतून 30 करावी. नुसते फलक लावून भागणार नाही; आंब्याच्या हंगामात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत तपासणी हवी.

सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा नियमही आम्ही मागतो. स्पेनमध्ये तो आहे. फ्रान्समध्ये वस्तीत 1 आणि वस्तीबाहेर 1.5 मीटर, तर जर्मनीत 2020 पासून वस्तीत 1.5 आणि बाहेर 2 मीटर अंतर बंधनकारक आहे. आपल्याकडे याची गरज जास्तच आहे, कारण सड्यावर वाऱ्याला आडोसा नाही. दक्षिणेकडे जाताना दुपारचा खारा वारा उजवीकडून येतो आणि स्वार त्याच्या विरुद्ध, म्हणजे उजवीकडे रेलून चालवत असतो. चिऱ्यांनी भरलेला ट्रक बाजूने गेला की वारा क्षणभर तुटतो आणि सायकल आपोआप ट्रककडे ओढली जाते. यात चूक कोणाचीच नसते. अंतर पुरेसे असेल तर माणूस वाचतो.

खाड्यांवरच्या नव्या पुलांची रचना ठरताना पादचारी व सायकलसाठी मुख्य रस्त्यापासून कठड्याने वेगळी केलेली, किमान 2 मीटरची पट्टी आराखड्यातच हवी. नंतर ती जोडता येत नाही. पुलावरच्या जाळ्यांचे गज रस्त्याच्या दिशेला आडवे असावेत, म्हणजे टायर त्यांत अडकणार नाही. पूल होईपर्यंत दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटींवर सायकलस्वारांना मोटारींच्या आधी चढू द्यावे; ओल्या लोखंडी फळीवर मागून मोटार रेटत असताना सायकल ढकलत नेणे धोक्याचे आहे.

सड्यावर एखादा पडला तर 108 क्रमांकावर ठिकाण काय सांगायचे? मैलोन् मैल कातळ, ना दुकान ना पाटी. दर 200 मीटरवर वाचता येईल असा क्रमांक रंगवावा. याला फार पैसे लागत नाहीत.

कोकण रेल्वेने सायकल न्यायची तर ती पार्सल म्हणून बांधून द्यावी लागते, आणि लहान स्थानकांवर गाडी दोन मिनिटे थांबते, तेवढ्यात ती उतरवणे जमत नाही. निदान रत्नागिरी, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी येथे थांबणाऱ्या, दिवसा धावणाऱ्या एका गाडीत सायकली उभ्या ठेवण्याची जागा मिळावी, यासाठी आपण रेल्वेकडे पाठपुरावा करावा.

हे सारे करायला अधिकार नाहीत, असे उत्तर येऊ नये. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 138(1अ) रस्ता सुरक्षेच्या हितासाठी विनायंत्र वाहने आणि पादचारी यांच्या वावराबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना देते. त्याच दुरुस्तीतले कलम 198अ रस्त्याच्या रचनेत व देखभालीत ठरलेली मानके न पाळल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आले, तर जबाबदार असणाऱ्यांवर 1 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करते. या दोन्ही कलमांचा या किनाऱ्यासाठी वापर व्हावा.

आमच्या बाजूने आम्ही सभासदांना वळणावर एकेरी ओळ, अंधारात पुढे-मागे दिवे आणि हेल्मेट सक्तीचे केले आहे. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत सायकलस्वारांचा एक प्रतिनिधी घ्यावा. धोक्याच्या जागांची गाववार यादी आणि हाताने काढलेला नकाशा सोबत जोडला आहे. पावसाळ्यापूर्वीच्या कामांच्या निविदा निघण्याआधी आपण बैठक बोलवावी आणि तारीख कळवावी. साईडपट्टीचे काम यंदाच्या निविदांत घेता येणार नसेल, तर त्याचे कारण लेखी द्यावे.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद