खिशातला वार्ताफलक

शिवाजी पेठेत एकेकाळी पेपर हातात पडायच्या आधी बातमी चौकात लागायची. तालमीच्या किंवा मंडळाच्या दारात एक काळा फळा असायचा आणि त्यावर खडूनं लिहिलेलं असायचं: कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता, उद्या पाणी येणार का, मॅच कुणाकुणाची. छापखाना नाही, संपादक नाही, जाहिरात नाही. तरी पेठेचा त्यावर विश्वास होता, कारण खडू कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. चुकीचं लिहिलं, तर संध्याकाळी कट्ट्यावर गाठून जाब विचारता यायचा.

आज तोच फळा प्रत्येकाच्या खिशात आलाय. मजकूर चौकापुरता न राहता मिनिटात जिल्हाभर जातो. ही ताकद काय करू शकते, हे कोल्हापूरला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, वीज गेलेली, नळ कोरडे. टीव्हीवर पूर दिसत होता, पण वरून दिसतो तसा: पाणी, पत्रे, झाडांचे शेंडे. चिखली-आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यात कुठल्या घराच्या माळ्यावर म्हातारी माणसं अडकलीत, कुणाचं इन्सुलिन संपलंय, कुठं बाळंतीण आहे, हे टीव्हीला कळणार कसं? ते गल्लीला माहीत होतं आणि गल्लीच्या हातात फोन होता. लोकेशन पाठवलं गेलं, नंबर फिरले, बोट कुठं लागेल ते सांगितलं गेलं. कुठं चपात्या हव्यात, कुठं आता पुरे, तेही ग्रुपवरच ठरलं. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 56 फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा काय करायचं हे लोकांना आधीच ठाऊक होतं.

मोठ्या माध्यमांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. लाखोंना एकच गोष्ट सांगणं हे त्यांचं काम. एका घराची गोष्ट नेमक्या चार माणसांपर्यंत पोचवणं हे फोनचं काम, आणि संकटात जीव वाचतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या कामानं.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असं नाही. केनियात डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला आणि सरकारनं थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. तेव्हा काही तरुणांनी ‘उशाहिदी’ उभारलं. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ ‘साक्ष’. लोक एसएमएस, ई-मेल करून कुठं काय घडलं ते कळवायचे आणि ते नकाशावर नोंदलं जायचं. नाव किती नेमकं आहे बघा. साक्ष देणाऱ्यानं पाहिलेलं असावं लागतं. ऐकीव गोष्टीला साक्ष म्हणत नाहीत.

आपला फोन इथंच घसरतो. जून 2023 मध्ये याच शहरात आक्षेपार्ह स्टेटसवरून वातावरण पेटलं. 7 जूनला बंद, दगडफेक, लाठीमार आणि पाठोपाठ इंटरनेटही बंद. ज्या फोननं चार वर्षांपूर्वी जात-धर्म न विचारता बोट बोलावली होती, तोच फोन. मोबाइल बदलला नव्हता, वापरणारी माणसंही परगावची नव्हती. फरक मेसेजमध्ये होता. पुरातला मेसेज म्हणत होता, ‘अमुक ठिकाणी अमुक माणूस आहे, मदत करा.’ दंगलीतला मेसेज म्हणतो, ‘बघा, ते कसे आहेत.’ पहिल्यात पत्ता असतो. दुसऱ्यात फक्त राग असतो आणि तो पुढं ढकलणारा कुणालाच उत्तर द्यायला बांधील नसतो.

म्हणून सामान्य माणसाची ताकद फॉलोअर्समध्ये शोधू नका. ती जबाबदारीनं दिलेल्या साक्षीत आहे. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं कारभार प्रशासकाकडं राहिला. गल्लीतलं गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हा प्रश्न खरा होता. अशा वेळी ‘नाद खुळा कारभार’ म्हणून मीम टाकलं की हसणं होतं, काम होत नाही. तारीख, वेळ, ठिकाण दिसेल असा फोटो, लेखी तक्रार, तिचा क्रमांक आणि पंधरा दिवसांनी त्याच जागेचा दुसरा फोटो, एवढं गल्लीतल्या दहा पोरांनी नेटानं केलं, तर त्या कागदाला उत्तर देणं टाळता येत नाही. पत्रकारालाही बातमी करायला तोच पुरावा लागतो.

यासाठी नवं अ‍ॅप नको, सवयी हव्यात. मेसेज टाकताना कुठं, कधी आणि मला कसं कळलं, हे लिहायचं. आलेला मेसेज पुढं पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला विचारायचं, ‘भावा, तू बघितलंस की आलंय म्हणून टाकलंस?’ आणि काम झालं की ‘झालं’ असंही कळवायचं. नाहीतर सुटका झालेल्या माणसासाठी बोट पुन्हा फेरी मारते आणि खरा अडकलेला वाट बघत बसतो.

येत्या पावसाळ्यात पंचगंगा पुन्हा फूट मोजायला लावेल. त्याआधी आपापल्या गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण, औषधावर कोण, पोहायला कुणाला येतं, याची यादी करून ठेवा. ती कुठलंही चॅनेल करून देणार नाही.