पोटगी मिळेल, सोबतीचे काय?

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी सुशिक्षितांच्या मनात वार्धक्याच्या दुःखाचे एक ठरीव चित्र रुजले आहे. सर्वस्व मुलांच्या स्वाधीन करणारा बाप आणि त्याला नकोसा ठरवणारी मुले, असे ते चित्र. संसदेने २००७ साली संमत केलेला आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीचा कायदा हे या चित्राला दिलेले उत्तर म्हणावे लागेल. न्यायाधिकरणापुढे अर्ज करून वृद्धाने मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवावा, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास परत मागावी, अशी तरतूद त्यात आहे. हा कायदा हाताशी असता तर अप्पासाहेब बेलवलकरांना कदाचित दाद मागता आली असती.

परंतु आज असंख्य घरांतून जे दुःख मुकाट्याने सोसले जात आहे, त्याचे स्वरूप निराळे आहे. मुले कृतघ्न नाहीत. ती बंगळुरात किंवा न्यूजर्सीत आहेत, पैसे वेळेवर पाठवतात, रविवारी दूरध्वनीच्या पडद्यावर नातवंडांचे दर्शनही घडवतात. औषधे घरपोच येतात. एवढे असूनही सोमवार ते शनिवार बोलायला कोणी नाही. ज्याच्याविरुद्ध फिर्याद करावी असा प्रतिवादीच या दुःखात नाही, आणि म्हणून कोणत्याही न्यायाधिकरणाकडे त्याचा अर्ज येत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे दर शंभरांत साडेआठांहून अधिक होती. महाराष्ट्रात ते प्रमाण दहाच्या घरात होते. त्याच जनगणनेत रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली. तरुण मुंबई-पुण्याकडे गेले, मागे राहिली ती म्हातारी माणसे आणि गणपतीपुरती उघडणारी घरे. शहरांतील स्थिती वेगळी दिसते, पण वस्तुतः ती वेगळी नाही. चाळीच्या सामाईक गॅलरीत बसलेल्या आजोबांची विचारपूस जाणारायेणारा प्रत्येकजण करीत असे. पुनर्विकासानंतर त्याच आजोबांना चौदाव्या मजल्यावर प्रशस्त खोली मिळते आणि दार लावून घेतले की दिवस संपतो.

एकटे राहणे आणि एकाकी असणे यांत अर्थातच अंतर आहे. भरल्या घरात राहणारी, सुनेच्या नोकरीच्या वेळेत नातवंडे सांभाळणारी आणि संध्याकाळी दूरचित्रवाणीपुढे सर्वांच्या मागे बसणारी विधवा सासू जनगणनेच्या तक्त्यात कुटुंबवत्सल म्हणूनच मोजली जाईल.

माणसाला माणूस भेटत असे, ते पुष्कळदा कामाच्या निमित्ताने. पूर्वी निवृत्तिवेतनधारकाला हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभे राहावे लागे. २०१४ पासून हा दाखला अंगठ्याच्या ठशावर संगणकाद्वारे देता येऊ लागला. अंथरुणाला खिळलेल्यांची त्याने मोठीच सोय झाली. तरीही त्या रांगेत जुने सहकारी भेटत, कोण गेले व कोण आजारी आहे हे कळे, हेही खरे. निराधारांचे अनुदान परस्पर खात्यात जमा होऊ लागल्याने मधले दलाल दूर झाले, हे स्वागतार्हच. पण मनीऑर्डर घेऊन ओटीवर टेकणारा पोस्टमनही त्याबरोबर गेला. सोयी वाढल्या त्या प्रमाणात भेटी कमी झाल्या, याचा हिशेब कोणत्याच खात्याने ठेवलेला नाही.

या दृष्टीने पाहता एकाकीपणावरचा सर्वांत परिणामकारक सरकारी उपाय बहुधा समाजकल्याण खात्याकडून आलेला नसून तो एसटीने दिला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील नागरिकांना राज्य परिवहनच्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येतो. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना निम्मे भाडे पडते. हातात पैसा नाही म्हणून लेकीच्या गावी न जाणारी म्हातारी आता मनात येईल तेव्हा पिशवी उचलते. तोट्यातल्या महामंडळावर हा आणखी एक बोजा, अशी टीका झाली. ती हिशेबाच्या दृष्टीने गैर नाही. मात्र या खर्चातून काय विकत मिळते, तेही पाहिले पाहिजे. रेल्वेने नेमका उलटा मार्ग धरला. पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के असलेली भाडेसवलत तिने मार्च २०२० मध्ये साथीचे कारण देऊन थांबवली आणि साथ ओसरल्यावरही तिला ती आठवली नाही.

गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ व त्यांचा महासंघ ‘फेस्कॉम’ यांचे कार्य निःसंशय मोलाचे आहे. तथापि अनेक संघांचे रूप निवृत्त, सुशिक्षित पुरुषांच्या सभेसारखे राहते: व्याख्यान, वाढदिवस, चहा. घरकामातून निवृत्ती नसलेल्या स्त्रिया आणि निवृत्तिवेतन कधीच न मिळालेले मजूर तेथे क्वचितच दिसतात. बाईला सोबत मिळते ती भजनी मंडळात नाहीतर देवळाच्या पायरीवर. त्या जागांकडे धोरणकर्त्यांचे लक्ष गेलेले नाही. २०२१ पासून १४५६७ या क्रमांकावर राष्ट्रीय मदतवाहिनी चालू आहे, अडल्यानडल्याला ती उपयोगी आहे. जपानने त्याच वर्षी एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला व एप्रिल २०२४ पासून त्याविषयीचा कायदाही अंमलात आणला. महाराष्ट्राला मात्र नव्या मंत्र्यापेक्षा जुन्या जागांची डागडुजी अधिक उपयोगी पडेल.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे या राज्यात हजारो अनुदानित वाचनालये उभी आहेत. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती तेथे बसलेली मंडळी बहुतांशी साठीपुढचीच असतात. ही वाचनालये दुपारीही उघडी राहिली, जिन्याऐवजी तळमजल्यावर आली, तेथे एक स्वच्छ शौचालय झाले, तर वृद्धांसाठी वेगळे केंद्र बांधण्याचा खर्च पुष्कळ गावांत वाचेल. संध्याकाळी त्याच खोलीत घरी अभ्यासाला जागा नसलेली मुले बसू शकतील. निवृत्त शिक्षकाला तेथे गणित विचारणारा कोणी भेटेल, आणि दहावीच्या परीक्षेपर्यंत तरी त्याची रोज वाट पाहिली जाईल.