रविवारची बाईक राईड अन् आपली आवणी : रस्ता एकच, मग नियम कोणाचा?

भंडारदरा (ता. अकोले), प्रतिनिधी : आषाढ लागला की आपल्या डांगाणात दोन गर्दी एकदमच सुरू होतात. एक खाचरात, दुसरी रस्त्यावर. खाचरात आवणीची बाया-माणसं अन् रस्त्यावर नाशिक, मुंबई, पुण्याहून आलेले मोटारसायकलवाले. रविवारी सकाळी शेंडीत उभं राहून बघा. रेनकोट, हेल्मेट, गुडघ्याला पॅड, हँडलला मोबाईल, एकामागं एक वीस-पंचवीस गाड्या. मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे असा धरणाला फेरा मारायचा अन् अंधाराच्या आत घरी, असा त्यांचा बेत असतो.

याच पावसाळ्यात डोळ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. माझी चुलती रोपांचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेनं चालली होती. वळणावर एका बुलेटचं मागचं चाक सरकलं. गाडी आडवी होऊन चुलतीच्या पायाला घासत चारीत गेली. पोराचं गळ्याचं हाड मोडलं, चुलतीचा घोटा सुजून भोपळा झाला. मोबाईलला रेंज नाही. पुढच्या गाड्या निघून गेलेल्या, त्यांना अर्धा तास पत्ताच नाही. शेवटी गावातल्या पिकअपमध्ये दोघांना घालून खाली नेलं.

मग वाद पेटला. गावकरी म्हणाले, "गाड्या अडवा." ते म्हणाले, "रस्त्यावर चिखल कुणी टाकला?" आता खरं सांगायचं तर चिखल आमच्याच भावकीच्या ट्रॅक्टरचा होता. चिखलणी करून लोखंडी चाकांसकट तो डांबरावरून घरी गेलेला. म्हणजे दोन्ही बाजूंचं खरं होतं, अन् म्हणूनच या विषयावर नीट बोललं पाहिजे.

रस्ता काय म्हणतो?

आपले बरेच रस्ते एकपदरी. ग्रामसडक योजनेचा रस्ता साधारण पावणेचार मीटर रुंद असतो. समोरून एसटी आली की मोटारसायकलला साइडपट्टीवर उतरावंच लागतं, अन् पावसात साइडपट्टी म्हणजे गाळ. त्यात वळणावर शेवाळ, गुरांचं शेण, डोंगरातून वाहून आलेली माती अन् ट्रॅक्टरचा चिखल. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं होऊन बरीच वर्षं झाली. पण एबीएसमुळं ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होत नाही, एवढंच. चिखलात पकड कुठून आणणार?

शहरातले चांगले क्लब शिस्तीनं चालतात हे मान्य. पुढं वाट दाखवणारा, शेवटी सगळ्यांना गोळा करत येणारा. पण हायवेला दोन रांगांत चालायची सवय इथं चालत नाही. इथं एकच रांग पाहिजे अन् कोरड्या रस्त्यापेक्षा दुप्पट अंतर. वीस गाड्यांचा घोळका एकदम आला तर बैल बुजतात, शाळेची पोरं मध्येच अडकतात. पाच-पाचच्या टोळ्या केल्या तर निम्मा त्रास तिथंच कमी होईल. अन् शेवटच्या गड्यानं खरोखर शेवटीच राहावं. त्या दिवशी तो शेवटी असता तर अर्धा तास वाया गेला नसता.

गावाला मिळतं काय?

"पर्यटन वाढलं, रोजगार वाढला," असं भाषणात ऐकतो. हिशोब मांडून बघा. पेट्रोल शहरात भरलेलं, नाश्ता हायवेला झालेला. गावात राहतो चहा, भजी अन् मक्याचं कणीस. हे पैसेही थोडे नाहीत. पावसाळ्यात टपरीवर कितीतरी घरांची चूल पेटते. पण ते थांबले तरच पैसा. नुसता फेरा मारून गेले तर मागं राहतो आवाज अन् प्लास्टिकच्या बाटल्या. जेवणाची ऑर्डर आदल्या दिवशी फोनवर मिळाली तर बचत गटाच्या बाया वीस ताटं आरामात करतील. म्हणून माझ्या मते गाड्या हाकलून देण्यापेक्षा त्यांना थांबवण्यात गावाचं हित आहे.

बंदीनं काय साधतं?

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागं एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळून चौघांचा जीव गेला. तोही रविवारच होता. अशा घटनेनंतर बंदीचे आदेश निघतात. धोक्याच्या जागी ते हवेतच. पण सरसकट बंदी झाली की पहिली टपरी बंद होते ती गरिबाची. आणि बंदी उठली की रस्ता, रेंज, अॅम्ब्युलन्स सगळं होतं तिथंच.

आपल्याला कायदा काय सांगतो?

अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस नाव-गाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं तसं कलमच आलं आहे. तेव्हा बघत उभं राहू नका, १०८ लावा, रेंज नसेल तर रेंजच्या जागी माणूस पळवा. गाडीच्या नंबरचा फोटो काढा. थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. जखमीला भरपाई त्यातून मागता येते अन् त्यासाठी सहा महिन्यांच्या आत दावा करावा. गाडी पळून गेली अन् सापडलीच नाही, तरी मृत्यूला दोन लाख अन् गंभीर जखमेला पन्नास हजार रुपये मिळायची तरतूद आहे. जागेवर हजार-दोन हजार घेऊन विषय मिटवला की पुढचा दवाखाना आपल्या खिशातून.

मग करायचं काय?

ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत चार गोष्टी ठरवाव्यात. एक, ट्रॅक्टर डांबरावर आणण्याआधी चाकं धुवायची, सांडलेला चिखल त्याच दिवशी फावड्यानं ओढायचा. दोन, वळणावळणावर "आवणी सुरू, सावकाश" असे फलक, त्यावर गावातल्या दोन माणसांचे नंबर अन् रेंज कुठं मिळते ती जागा. तीन, क्लबनी येण्याआधी कळवावं, पाच-पाचच्या टोळीत यावं, फटाके फोडणारे सायलेन्सर घरी ठेवावेत. तसे सायलेन्सर कायद्यानंही चालत नाहीत. चार, जिल्हा परिषद अन् बांधकाम विभागाकडं साइडपट्टी अन् चारीची मागणी लेखी करावी. नुसतं तोंडी बोलून काम होत नाही, पोच घ्या.

चुलतीचा पाय आता बरा आहे, पण तिची आवणी हुकली ती हुकलीच. रोजंदारीच्या बाया लावून ती उरकावी लागली. त्या पोराचा मधे फोन आला होता, तिची चौकशी करत होता. पुढच्या वेळी जेवायलाच येतो म्हणाला. मी म्हणालो, ये, पण दिवाळीच्या आधी ये. तेव्हा खाचरं पिवळी असतात अन् रस्ता कोरडा असतो.