चौदा आकड्यांचे आरोग्य

गरिबाला डॉक्टर देता आला नाही की सरकार त्याला एक क्रमांक देते. शिधापत्रिकेचा क्रमांक झाला, आधारचा झाला, आता आरोग्याचा क्रमांक आला आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला. तेव्हापासून प्रत्येक नागरिकाने 'आभा' खाते काढावे, त्याचा १४ आकडी क्रमांक जवळ बाळगावा आणि आपल्या आजारपणाचा सारा इतिहास मोबाइलच्या पडद्यावर पाहावा, असा प्रचार अखंड चालू आहे. रुग्ण आता आपल्या उपचाराचा स्वामी होणार, असे सांगितले जाते. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत हे स्वामित्व नेमके कोणाच्या हाती पडणार आहे, याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आयुष्मान कार्ड आणि आभा कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा संबंध उपचाराच्या खर्चाशी, म्हणजे विम्याशी आहे. दुसऱ्याचा संबंध केवळ नोंदींशी. आभा क्रमांकावर कोणालाही एक रुपयाचा उपचार मिळत नाही. तरीही नावांच्या साम्यामुळे अनेक लोक 'पाच लाखांचे कार्ड' समजून हा क्रमांक काढतात, आणि हा गैरसमज दूर करण्याची घाई शासनाला असल्याचे दिसत नाही.

आता योजनेच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात चार-सहा महिने फडावर काढून ही माणसे परततात. गावाकडच्या डॉक्टरने दिलेली चिठ्ठी, रक्ताचा अहवाल, गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड हे सारे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. ती पिशवी पावसात भिजते, कोपीत जळते, नाही तर कारखाना बदलताना हरवते. मग नव्या ठिकाणचा नवा डॉक्टर त्याच तपासण्या पुन्हा लिहून देतो आणि पैसे पुन्हा मजुराच्या खिशातून जातात. क्षयाचा अर्धवट राहिलेला औषधोपचार कोठे थांबला होता, हे कोणालाच सांगता येत नाही. माणसाबरोबर फिरणारी, न भिजणारी, न हरवणारी नोंद या मजुरांना हवी आहे. बंगल्यात राहणाऱ्या रुग्णाच्या फायली कपाटात सुरक्षित असतात. खरी गरज स्थलांतरिताची आहे. तेव्हा यंत्राला विरोध हा समाजवाद्यांचा मुद्दा असू शकत नाही.

परंतु ज्याला गरज सर्वांत अधिक त्याच्याच हाती ही सोय सर्वांत कमी लागते, हे या योजनेच्या रचनेतच आहे. या व्यवस्थेत नोंदी ज्या त्या रुग्णालयाच्या संगणकावर राहतात आणि रुग्णाच्या संमतीने एकीकडून दुसरीकडे जातात. तत्त्व चांगले आहे. मात्र ही संमती मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने द्यावयाची असते. केंद्रावर जाऊन क्रमांक काढून घेता येतो. पुढे नोंद पाहावयाची आणि संमती द्यावयाची तर मोबाइलच लागतो. हा मोबाइल कोणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ग्रामीण भारतातील केवळ २४.६ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे आढळले. ग्रामीण पुरुषांत हे प्रमाण ४८.७ टक्के होते. घरात एक फोन असतो, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, आणि त्यातील सिमकार्ड वर्षा-दोन वर्षांनी बदलते. बाईच्या आजाराची संमती जर नवऱ्याच्या फोनवर येणार असेल, तर ती संमती बाईची म्हणावयाची कशी? गर्भपात, क्षय, एचआयव्ही, मनोविकार या गोष्टी ज्या घरात बाई उच्चारूही शकत नाही, त्या घरात तिची नोंद तिच्याआधी दुसराच कोणी वाचील. कागदाची चिठ्ठी पदरात लपवता येत होती.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेथे ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि १३,८६१ स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सुमारे सहा स्त्रियांमागे एक. देशाची सरासरी मात्र तीन टक्क्यांच्या आसपास आहे. मुकादमाची उचल डोक्यावर, एक दिवस पडून राहिले तर खाडा, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नाही. अशा अवस्थेत पाळीचा त्रास कायमचा संपवून टाकण्याचा सल्ला तिला पटतो, आणि तो सल्ला देणारा आपली फी घेतो. या स्त्रियांपाशी क्रमांक नव्हता म्हणून हे घडले काय? एखाद्या भागात इतक्या शस्त्रक्रिया होत आहेत, हे पाहण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी पाहिले नाही, म्हणून हे घडले.

येथेच या योजनेचा मूळ दोष उघडा पडतो. ती रुग्णाला पारदर्शक करते. रुग्णालयाला करीत नाही. कोणत्या रुग्णालयात वर्षाला किती गर्भाशये काढली, किती बाळंतपणांत पोट फाडले, किती रुग्ण दगावले, किती दर आकारला, हे आकडे गावाला कळत नाहीत. बीडमधील शस्त्रक्रियांचे आकडे रुग्णालयवार दर महिन्याला जाहीर होत असते, तर १३,८६१ पर्यंत मोजणी पोहोचण्याच्या कितीतरी आधी ते कोणाच्या तरी डोळ्यांत खुपले असते. एका बाईची नोंद तिच्या उपचारापुरती असते. हजार बायांच्या नोंदी, नावे वगळून, एकत्र मांडल्या तर त्या आरोपपत्र होतात. खासगी रुग्णालयाने या जाळ्यात सामील व्हावे की नाही, हे मात्र त्याच्या मर्जीवर सोडलेले आहे.

आणि रुग्णाचा नोंदीवरचा हक्क काही २०२१ साली जन्माला आलेला नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत त्याची कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक झाले. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारणाची तरतूद करण्यात आली. या कागदी हक्कांची अंमलबजावणी करावयाची तर तपासनीस नेमावे लागतात, दंड करावा लागतो, वैद्यकीय व्यवसायातील बड्या मंडळींना दुखवावे लागते. ॲप काढण्यासाठी यांपैकी काहीच करावे लागत नाही.

अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने पाहिले तरी चित्र स्पष्ट होते. कोणत्याही योजनेत पैसा कोणाला मिळतो हे पाहिले की तिचा वर्गीय कल कळतो. आरोग्याच्या नोंदी आभा क्रमांकाशी जोडल्याबद्दल रुग्णालयांना, प्रयोगशाळांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना ४ कोटी रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्याची योजना केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून लागू केली. ज्याच्या देहाची ही माहिती, त्या रुग्णाला यातून काय मिळते? दारोदार फिरून माहिती गोळा करणाऱ्या आशा ताईंना सरकार आजही कामगार मानीत नाही. त्या 'स्वयंसेविका' आहेत, आणि त्यांना वेतनाऐवजी मोबदला मिळतो. २०२३-२४ साली राज्यातील आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीही त्यांची मागणी होती. मानवत आणि सेलूच्या बाजारातून कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन चढ्या भावाने परत येतो, हा व्यवहार परभणीच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. आजाराची माहितीही असाच कच्चा माल आहे. ती आज फुकट उचलली जात आहे. उद्या तिच्यावर विम्याचे हप्ते ठरतील आणि औषधांची बाजारपेठ आखली जाईल.

ही माहिती सुरक्षित आहे, असे आश्वासन दिले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'सारख्या अग्रगण्य संस्थेची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने कोलमडली आणि तेथील कारभार कित्येक दिवस हाताने चालवावा लागला. जून २०२३ मध्ये कोविन पोर्टलवर लस घेतलेल्यांची माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. सरकारने पोर्टल सुरक्षित असल्याचा खुलासा केला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. या कायद्यात आरोग्यविषयक माहितीला विशेष संवेदनशील असा वेगळा दर्जा नाही. केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देता येते. माहिती फुटली तर कंपनीला होणारा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची अब्रू गेली त्याला भरपाई देण्याची तरतूद नाही. चोरी रुग्णाच्या घरी व्हावी आणि दंड सरकारने घ्यावा, असा हा न्याय आहे.

आणि शेवटी नोंद वाचणार कोण? सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासनाचाच निकष आहे. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक होती. एवढ्या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२३ साली, आणि तेही लोकांनी रस्त्यावर उतरून मागितल्यावर. गंभीर रुग्णाला नांदेडचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता दाखवणे ही येथील जुनी रीत आहे. त्याच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. नोंदी नव्हत्या म्हणून ती बालके गेली, असे कोणीही म्हटले नाही. चर्चा झाली ती औषधांची, खाटांची आणि मनुष्यबळाची. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. महासाथीच्या २०२१-२२ या वर्षातही तो १.८४ टक्केच होता. डॉक्टरची जागा रिकामी ठेवून नोंदीची जागा भरणे, म्हणजे विहीर न खणता पोहरा वाटणे होय.

काही मित्र म्हणतील, मग या क्रमांकावर बहिष्कारच घालावा. तो मार्ग चुकीचा आहे. बहिष्काराने स्थलांतरित मजुराच्या हाती पुन्हा तीच भिजलेली पिशवी येईल, आणि यंत्र कंपन्यांच्या हाती बिनविरोध राहील. मागणी यंत्र मोडण्याची नसावी. ते कोणाला उत्तरदायी राहील, याची असावी. आभा क्रमांक ऐच्छिक आहे, असे सरकारच म्हणते. तेव्हा तो नाही म्हणून केसपेपर नाकारला जाणार नाही, असा ठळक मराठी फलक प्रत्येक सरकारी दवाखान्यात लागला पाहिजे. प्रत्येक भेटीनंतर नोंदीची मराठीतील छापील प्रत रुग्णाच्या हाती विनामूल्य पडली पाहिजे. स्त्रीची संमती घरच्या फोनवर न मागता तिच्या समक्ष, तिला समजावून घेतली गेली पाहिजे. आशांना नोंदणीच्या कामाचे वेतन मिळाले पाहिजे. आणि प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, शस्त्रक्रियांचे, मृत्यूंचे आणि दरांचे आकडे रुग्णांची नावे वगळून दरमहा जाहीर केले पाहिजेत.

यांतील शेवटची मागणी सर्वांत कठीण आहे, म्हणूनच ती सर्वांत पुढे ठेवावयास हवी. लोक असे आकडे वाचू शकत नाहीत, ही सबब चालणार नाही. २००७ साली महाराष्ट्रातील ५ जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा खेड्यातील स्त्री-पुरुषांनी आपल्या आरोग्य केंद्राची तपासणी केली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. परभणीतील कार्यकर्त्यांनी पुढच्या गळीत हंगामापूर्वी, टोळ्या गाव सोडण्याच्या आत, प्रत्येक गावच्या ग्रामसभेत हा प्रश्न नेला पाहिजे. बाईच्या पोटात काय आहे हे सरकारला कळणार असेल, तर सरकारच्या दवाखान्यात आणि खासगी डॉक्टरच्या हिशेबाच्या वहीत काय आहे, हे बाईला कळलेच पाहिजे. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी झाल्याशिवाय त्या चौदा आकड्यांवर कष्टकऱ्यांनी विश्वास का ठेवावा, याचे उत्तर सरकारने द्यावे.