मामूंच्या मोबाइलमधले पिरॅमिड

मामू उमऱ्याहून परतले, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या मोबाइलभोवती जमलो. टूरवाल्याने पॅकेजमध्ये तीन दिवस कैरो जोडलं होतं. मक्का-मदिनेचे फोटो शेकड्यांनी. गिझाचे चार, आणि चारही फोटोंत मामू पुढे, पिरॅमिड मागे. कसं वाटलं, असं विचारलं तर उंटवाल्यांची गोष्ट निघाली. बसायचे पैसे वेगळे, उतरायचे वेगळे. आणि पिरॅमिड? "बडे बडे पत्थर हैं बेटा. धूप बहोत."

मला तेराव्या शतकातला अबू जाफर अल-इद्रीसी आठवला. त्याने पिरॅमिडांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात एक किस्सा आहे. मगरिबचा एक विद्यार्थी हज करून घरी येतो. मिसरमध्ये काय पाहिलंस, असं उस्ताद विचारतात. पिरॅमिडांबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही. उस्ताद असे चिडतात की पोराला पुन्हा मिसरची वाट धरावी लागते! अल-इद्रीसीचं म्हणणं सरळ होतं: जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं कुरआन वारंवार सांगतं, आणि मिसरमध्ये आलेले सहाबा या पिरॅमिडांच्या शेजारी राहिले, त्यांनी ते पाडले नाहीत.

सगळ्यांनी हे मानलं नाही. ११९६ मध्ये सलाहुद्दीनचा मुलगा अल-अझीझ याने गिझाच्या तीन मोठ्या पिरॅमिडांतला सर्वांत लहान पाडायला घेतला. आठ महिने मजूर राबले. निघाली ती फक्त एक खाच, उत्तरेच्या बाजूला आजही दिसते. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ त्या काळात मिसरमध्ये होते. त्यांनी मुकादमाला विचारलं, हजार दीनार दिले तर यातला एक दगड परत जागेवर बसवशील का? त्याने शपथेवर सांगितलं, कितीही पट दिले तरी जमणार नाही.

हे सगळं मी वाचलं ते माणमध्ये, फेज तीनच्या कंपनीत कोड लिहिता लिहिता. आणि इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं कार्ले मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. मामूंना हसायचा मला काय हक्क?

गेल्या हिवाळ्यात निघालो, तेव्हा अम्मीने विचारलं, "उधर अपना क्या काम?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकलाय. कधी घरातून, कधी दाढी-टोपीकडे रोखलेल्या नजरेतून. दोन्ही ठिकाणी त्यामागचा समज एकच असतो: हे त्यांचं, ते आपलं. मला तो मान्य नाही.

पायऱ्या चढून एकवीरेच्या देवळाशी पोचलो. शेजारीच चैत्यगृह. आत गेल्यावर आधी थंडावा जाणवतो, मग उंची. छताच्या कमानींना लाकडी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्याच. खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं. मी भाषांतर मोबाइलवर घेऊन गेलो होतो (तुम्हीही न्या, नाहीतर खांब म्हणजे नुसते खांबच राहतात). कुणी राजा असेल असं वाटलं होतं. पण दारं कोरण्याच्या कामाशी एक अत्तरवाला आणि एक सुतार यांची नावं आहेत. सिंहदत्त आणि सामी. कितीतरी खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी. आमच्याकडे कोडची कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद राहते, तसंच वाटलं. त्याच सुमारास मिसरमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात आपलं कल्याण बंदर आहे. हे डोंगर आणि ती नाईल तेव्हाही एकमेकांना ओळखत होते.

बाहेरच्या भिंतीवर खिळ्याने कोरलेले बदाम होते, त्यांत नावं. एक नाव आपल्यातलं होतं. मी उगाच बोटाने पुसून पाहिलं.

परवा मामूंना फोटो दाखवले. एकात फासळ्या, एकात अत्तरवाल्याची ओळ. त्यांनी बराच वेळ झूम करून पाहिलं. मग विचारलं, "सीढियाँ कितनी हैं?"

पुढच्या रविवारी सकाळच्या लोकलने मळवलीला उतरून आधी भाजे, मग कार्ले. मामूंचा गुडघा ठीक राहिला तर.