पोरीला डीएमएलटीला घाला, पण आधी दोन गोष्टी विचारा

बारावीचा निकाल लागला की कुरुळा, पेठवडजकडचे पालक कंधारला आमच्या लॅबमध्ये येऊन विचारतात, “ताई, पोरीला डीएमएलटीला घालावं का? आता मशीनच समदं करायलंय म्हणतेत.” डीएमएलटी म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा. मी सांगते, घाला. पण आधी कॉलेजात जाऊन विचारा, मुलं स्वतः स्लाइड रंगवून वाचतात का आणि रोजचं क्वालिटी कंट्रोल त्यांना शिकवतात का.

मशीननं काम घेतलं, हे खरंच आहे. आम्ही शिकलो तेव्हा पांढऱ्या पेशी चेंबरमध्ये मोजायचो, हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत रंग जुळवून काढायचो. आता सेल काउंटर मिनिटभरात सीबीसी देतो. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं आणि टीबीचा जंतू तासाभरात शोधतं. थुंकीच्या स्लाइडमध्ये कमी जंतू असले की निसटायचे, ते त्यात सापडतात. याचं मला वाईट वाटत नाही, रुग्णाचं भलंच झालं. मात्र ट्यूब लावायची आणि आकडा उतरवायचा, एवढंच ज्याला येतं त्याची नोकरी टिकणार नाही, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवं.

डेंग्यूच्या दिवसांत मशीन कधी प्लेटलेट 30 हजार दाखवतं आणि घरचे नांदेडला न्यायला गाडी बघू लागतात. बहुतेकदा आकडा खरा असतो. पण काही जणांच्या प्लेटलेट रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटतात आणि त्या गुठळ्या मशीन प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. स्लाइडच्या टोकाकडे त्या स्वच्छ दिसतात. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं की बहुधा खरा आकडा कळतो. मशीन इशारा देतं, पण तो ओळखून स्लाइड बघणारा माणूस समोर नसेल तर चुकीचा आकडा तसाच छापून जातो.

घोणस चावलेल्या शेतकऱ्याची तपासणी तर मशीनविना होते. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त ओघळलं तर विष भिनलंय, असं डॉक्टर धरतात आणि प्रतिविष सुरू करतात. नळी प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असली तर निकाल फसवा येतो. हे रक्त 50 किलोमीटरवर नांदेडला पाठवून कसं चालेल?

मला भीती वाटते ती तालुक्याची लॅब नुसतं रक्त काढायचं टेबल होण्याची. 2017 पासून महालॅब योजनेत सरकारी दवाखान्यांतले नमुने मोठ्या लॅबकडे जातात आणि तपासणी मोफत होते. गरिबाच्या घरी थायरॉइडचा रिपोर्ट फुकट येतो, ही मोठी गोष्ट आहे. पण साध्या ट्यूबमध्ये तसंच राहिलेल्या रक्तातली साखर तासाला 5 ते 7 टक्के घटते. पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच वाढतं. असा नमुना बाजूला काढून दुसरा मागायचा निर्णय तंत्रज्ञाचा, आणि तो रक्त घेतलं तिथंच व्हायला हवा.

स्वतःच्या लॅबचं स्वप्न दाखवणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2017चा निकालही सांगावा. रिपोर्टवर सही पदव्युत्तर शिक्षण झालेल्या, नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच लागते. म्हणजे बहुतेक मुलींना नोकरीच करायची आहे. ब्लड बँकेतलं क्रॉसमॅच, कल्चर, मशीनचं कॅलिब्रेशन, नियंत्रण नमुन्यांचे आलेख वाचणं ज्यांना येतं, त्यांना नांदेड-लातूरच्या मोठ्या लॅबमध्ये पुढेही काम मिळेल, असं मला ठामपणे वाटतं.

लॅब तंत्रज्ञांसह संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा 2021 मध्ये झाला. त्यातून अभ्यासक्रमाचा दर्जा ठरवताना क्वालिटी कंट्रोलची प्रात्यक्षिक परीक्षा सक्तीची करावी. आणि तंत्रज्ञांची रिकामी पदं भरून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सूक्ष्मदर्शक आणि रात्रपाळीला तंत्रज्ञ ठेवावा, नमुने बाहेर जात असले तरीही.