पिंपाचा हिशेब बाटलीवर लिहा!

पनवेलकरांनो, पोस्ट दारूवर आहे, पण न पिणाऱ्यांनीही वाचा. मुद्दा लेबलचा आहे.

'बॅरल-एज्ड' बिअर आता मुंबई-पुण्याच्या मेन्यूकार्डांवर दिसायला लागलीय. नाव भारी, दर त्याहून भारी. पण त्यात आहे काय? व्हिस्की आणि बिअर या सख्ख्या बहिणी. मोड आणलेली बार्ली, गरम पाणी, यीस्ट, इथपर्यंत दोघींचं घर एकच. हॉप्स पडले की बिअर. हॉप्सशिवाय आंबवून, भट्टीवर अर्क काढून लाकडी पिंपात मुरवला की व्हिस्की. अमेरिकेत बर्बनला आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप कायद्यानंच लागतं. वापरून झालेली पिंपं मग स्कॉटलंडला जातात, बिअरवाल्यांकडेही जातात. लाकडात मुरलेली व्हिस्की हळूहळू बिअरमध्ये उतरते. आयर्लंडच्या कॉर्कमध्ये तर जेमसननं आपली पिंपं शेजारच्या फ्रान्सिस्कन वेल ब्रुअरीला स्टाउट मुरवायला दिली आणि परत घेऊन त्यात पुन्हा व्हिस्की ठेवली. विरजण देऊन ताक आणावं तसं!

म्हणजे किंमत कशाची? पिंपाची आणि वेळेची. स्कॉच म्हणायचं तर किमान ३ वर्षं लाकडात, असा तिकडे कायदा. आपल्याकडे उसाच्या मळीच्या मद्यार्कात थोडं माल्ट मिसळलं तरी बाटलीवर 'व्हिस्की' छापता येतं. पिंप पाहिलं की नाही, कुणी विचारत नाही.

आता सरकारकडे बघा. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तीनपटीवरून साडेचारपट केलं. धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार काढला. १८० मिलीला किमान १४८ रुपये, विदेशी मद्याला २०५. रुपयापर्यंत हिशेब चोख! मुरवण्याच्या महिन्यांचा हिशेब मात्र कुठेच नाही. तिजोरी भरली की खात्याचं काम संपलं?

कुणी म्हणेल, आपल्या उकाड्यात दारू लवकर मुरते, ३ वर्षांचा हट्ट कशाला? बरोबर आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडते, आपल्याकडे १० टक्क्यांच्या आसपास. मग ३ वर्षांची सक्ती नको. जे आहे ते लिहा: मळी की धान्य, पिंपात किती महिने, पिंप आधी कशाचं. बंगळुरूच्या अमृतनं आणि गोव्याच्या पॉल जॉननं खऱ्या माल्टवर जगात नाव कमावलंच ना?

'दारूला कसली प्रतिष्ठा देताय?' असंही कुणी विचारेल. प्रतिष्ठा नको, पारदर्शकता हवी. दुधात पाणी सापडलं की आपण बोंब मारतो. १४८ रुपयांची क्वार्टर घेणारा मजूरही गिऱ्हाईकच आहे.

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला करार झालाय. तो लागू झाला की स्कॉचवरची आयात ड्युटी १५० वरून ७५ टक्के, पुढे दहा वर्षांत ४०. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर वय लिहिलेलं असेल. आपल्या बाटलीवर काय असेल?

मानकं केंद्राची, असं सांगून राज्यानं हात झटकू नयेत. 'महाराष्ट्र मेड' हा प्रकार राज्यानंच काढलाय. सुरुवात तिथूनच करा. आणि पबवाल्यांनो, 'बॅरल-एज्ड' लिहिताना पुढे महिनेही लिहा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.